राखून ठेवलेले कडवे

मार्गशीर्ष लागला की खाडीवरून येणारा वारा कूस बदलतो. आश्विनात अंगाला चिकटणारा त्याचा ओलावा जातो, त्याला किंचित धार येते आणि पहाटे संध्येला बसताना उपरणे खांद्यावर ओढून घ्यावेसे वाटते. सीवूड्सला मुलाच्या घरी राहायला आल्यापासून ऋतू मला बहुधा वाऱ्यावरूनच ओळखावे लागतात. गॅलरीतून भाताची खाचरे दिसत नाहीत, कारण ती आता उरलेली नाहीत. तरीही या महिन्यात एक गोष्ट न चुकता वर येते. रस्त्यापलीकडच्या जुन्या गावठाणात हळदी सुरू होतात. मोठमोठे स्पीकर लागतात, खिडक्यांची तावदाने थरथरू लागतात, आणि आमच्या मजल्यावरचा तरुण शेजारी दारात येऊन कळवळ्याने विचारतो, "काका, तुम्हाला त्रास होत असेल ना? सोसायटीतून कम्प्लेंट टाकू का?"

मी त्याला आत बसवतो आणि म्हणतो, "थोडे थांब. ही गाणी मध्येच बंद होतील आणि एक वेगळा आवाज येईल. तो ऐकून जा."

तो आवाज दर वेळी येतोच असे नाही. आला, तर तो बायकांचा असतो. त्याला वाद्याची साथ नसते; काहीतरी जड वस्तू गोल फिरते आहे आणि तिच्याबरोबर शब्दही फिरत आहेत, असा तो संथ असतो. त्या गाण्यांना धवले म्हणतात. आगऱ्यांच्या लग्नातली ही मंगलगीते, आणि ती गात गात लग्नाचे विधी पार पाडणारी बाई म्हणजे धवलारीण. पाठशाळेत मला हे कोणी शिकवले नव्हते. एका मार्गशीर्षात, भर मांडवात, अतिशय वाईट गाऊन मी हे शिकलो.

त्या मार्गशीर्षाची आठवण सांगायची, तर आधी माझ्या नोकरीविषयी सांगायला हवे. मी सैन्यात धर्मगुरू होतो. हे ऐकले की पुष्कळांना नवल वाटते. बंदुकांच्या जगात घंटेचे काय काम, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर उमटतो. कृष्णाकाठच्या पाठशाळेतून मी निघालो, तेव्हा तोच प्रश्न मी माझ्या गुरुजींना विचारला होता. ते दर्भाच्या काड्या निवडत होते. मान वर न करता म्हणाले, "माणूस जिथे घरापासून दूर असतो, तिथे देव जवळ लागतो. जा. आणि जेवणाची तक्रार करू नकोस."

जेवणाची तक्रार करायला सवडच मिळाली नाही. प्रशिक्षणात पहिले काही महिने मला कोणी मंत्र विचारला नाही. पाय उचलायला लावले. आमचे कवायतीचे उस्ताद हरयाणातले होते. माझ्या बुटांची गाठ पाहून ते अत्यंत दुःखी होत आणि म्हणत, "पंडतजी, मंतर बाद में, पहले फीता." पुढे खांद्यावर फीत आली, गणवेशाच्या आत जानवे होतेच, आणि माझे नाव पलटणीत कोणाला आठवेनासे झाले. सगळ्यांचा मी पंडितजी.

रविवारी मंदिर परेड असे. देवापुढे जायचे त्याला परेड कसली म्हणायची, असे मला आरंभी वाटे. मग एका रविवारी मी मंदिराच्या दाराशी उभा राहून बाहेर काढलेल्या बुटांच्या ओळी पाहिल्या. टाचेला टाच लागलेली, एकही तिरपा नाही, आणि त्यांत साहेबांचे कोणते नि सफाईवाल्याचे कोणते हे सांगता येत नव्हते. त्यानंतर तो शब्द मला खटकला नाही. मंदिर म्हणजे कधी दगडी इमारत असे, कधी बर्फात ठोकलेला तंबू, कधी दारूगोळ्याच्या रिकाम्या पेट्यांवर अंथरलेले नुसते तांबडे कापड. समई पेटवायची तर आधी गोठलेले तेल निखाऱ्यांच्या कांगडीवर धरून वितळवावे लागे. आरतीला ढोलक घेऊन पहाडी पोरे बसत आणि लंगरातून इतक्या तुपाचा शिरा येई, की देवाला खरोखर भूक लागत असावी यावर माझा विश्वास दृढ होई.

आणि आमच्याकडे एक रीत होती. पलटणीत शीख होते, मुसलमान होते. त्यांचे ग्रंथी आणि मौलवीसाहेब माझे शेजारी, आणि थंडीत एकाच शेगडीचे भागीदार. त्यांपैकी कोणी रजेवर गेला, तर त्याच्या प्रार्थनास्थळाची किल्ली मागे राहिलेल्यांकडे येई. मौलवीसाहेब गावी गेले की शुक्रवारी मी चटया झटकून अंथरी, हातपाय धुण्याचे पाणी तापवून ठेवी, वेळ झाली की जवानांना हाक मारी. नमाज पढवण्याचा अधिकार माझा नव्हता. त्यांच्यातल्या एखाद्या वडीलधाऱ्या हवालदाराला पुढे उभे करून मी डोके झाकून दाराशी उभा राही. माझ्या रजेत माझी समई मौलवीसाहेब सांभाळत. एकदा मी परतलो तो देवापुढे फुलांचा ढीग, मूर्ती गळ्यापर्यंत बुडालेली. मौलवीसाहेब संकोचून म्हणाले, "पंडितजी, कितने चढ़ते हैं मालूम नहीं था, तो बाग में जितने थे सब चढ़ा दिए." त्या दिवशी देव प्रसन्न दिसत होता, हे मी आजही शपथेवर सांगेन.

सत्तरचे दशक सरत आले होते, तेव्हा आम्ही वाशीच्या नव्या वसाहतीत घर घेतले. आम्ही म्हणजे मी आणि माझी पत्नी सुमती. मी दूर कुठल्यातरी छावणीत असे आणि घर तीच लावीत असे. रस्ते ऐसपैस होते, त्यांवर दिवे होते, फक्त माणसे अजून यायची होती. भिंतींना ओल्या चुन्याचा वास येई आणि खिडकी उघडली की सुकत घातलेल्या मासळीचा. सुमतीने पहिल्या आठवड्यात नाकाला पदर लावला. दुसऱ्या आठवड्यात ती मला म्हणाली, "अहो, आज तो वास नाही. वारा डोंगराकडून आहे वाटते." ज्या दिवशी माणूस वाऱ्याची दिशा वासावरून सांगू लागतो, त्या दिवशी तो त्या गावचा होतो.

मी मार्गशीर्षात रजेवर आलो होतो. एका सकाळी खाली सायकलची घंटा वाजली आणि जिन्यावरून ओळखीच्या बुटांचा आवाज आला. दारात आमच्याच पलटणीतला नायक जनार्दन म्हात्रे उभा, हातात वालाच्या शेंगांनी गच्च भरलेली पिशवी.

"पंडितजी, तुमी आमच्या शेजारी घर घेतलाव नि सांगत नाय?" तो म्हणाला. "आय बोलते, देव चालत आला नि तुला पत्ता नाय."

जनार्दनचे गाव रबाळ्याच्या पुढे, खाडीच्या कडेला. तोही लग्नासाठी रजेवर आला होता. लग्न पंधरवड्यावर होते, मुलगी बांधापलीकडच्या गावातली होती, आणि लग्न लावायला मीच हवा असा त्याचा हट्ट होता. मी आनंदाने होकार दिला.

पुढचे काही दिवस मी रोज सायकलवर त्याच्या गावी जाऊ लागलो. ते रस्ते आजही मला डोळे मिटून दिसतात. एका अंगाला डोंगराच्या पायथ्याशी कारखान्यांची धुरांडी, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मध्ये कापणी झालेली खाचरे, सोनेरी खुंटांनी भरलेली. त्या खुंटांच्या ओळींतून वालाचे कोवळे वेल वर येत होते. बांधापलीकडे मिठागरांची जमीन पायांनी तुडवून घट्ट करण्याचे काम चाले; माणसे ओळीने, हातात हात घालून, एका ठेक्यात पाय आपटत. मला ती आमच्या मैदानावरची कवायत वाटे. इथे मात्र उस्ताद नव्हता आणि सगळे हसत होते.

जनार्दनची आई हिराबाई उंच, काळीसावळी, थोडे बोलणारी. नवरा लवकर गेला, तेव्हापासून घर, शेत आणि दोन पोरे तिने एकटीने पुढे आणली होती. तिने माझ्यासाठी शेताच्या कडेला पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यात वालाच्या शेंगा, मीठ आणि ओवा. मडके उलटे घालून भोवती पेंढा पेटवायचा. बाजूलाच दुसरे मोठे मडके होते, त्यात अंडी आणि कोंबडीही होती. हिराबाईने दोहोंच्या मध्ये आडवे लाकूड टाकून सगळ्यांना बजावले, "यो पंडताचा मडका. कोनी चुकून पन हात लावाचा नाय." तो धुरकट, हिरवा, मिठाचा वास येणारा घास नैवेद्याच्या पदार्थांत का नाही, असा प्रश्न मला पडला, आणि अजून त्याचे उत्तर मिळालेले नाही.

मग तार आली. त्याच्याकडे आणि माझ्याकडे, एकाच दुपारी, एकाच शब्दांची. रजा रद्द, ताबडतोब हजर व्हा. पलटण हलणार होती. मी सायकल काढून गावात पोचलो, तो जनार्दन अंगणात उभा, तार हातात, आणि भोवती सारा भाऊबंद.

गावाने क्षणात निर्णय घेतला. लग्न उद्याच. सकाळी हळद, दुपारी लग्न, संध्याकाळी आम्ही दोघे व्ही. टी.ला गाडीत. मुलीकडे माणूस धावला आणि होकार घेऊन आला. मांडवाचे बांबू पडले, आंब्याच्या डहाळ्या आल्या, तांदूळ निवडायला बायका बसल्या. सगळे काही अलीकडे ओढता आले. फक्त धवलारीण ओढता येईना. गावची धवलारीण चांगुणामावशी उरणकडच्या एका लग्नाला गेली होती. तिला आणायला होडी निघाली, पण होडीचा नाखवा जाताना स्पष्ट सांगून गेला, "वल्ह्याचा काम नाय यो, पान्याचा हाय. सकालची वहटी. चिखलान होरी घालून काय करू? भरतीसंगती येन, दुपारच्या आगंमागं."

दुपारपर्यंत हळद थांबू शकत नव्हती. हिराबाई मात्र थांबायला तयार होती.

"धवलारनीबिगर माज्या दारान हलद लागाची नाय," ती म्हणाली.

"आय, तार आलीय गो," जनार्दन म्हणाला.

"तारेला काय कलतंय?" मग ती सगळ्यांकडे पाहून, आवाज न चढवता म्हणाली, "त्यो काय कारखान्यान जातंय, सांजचा परत येवाला? सरहद्दीव जातंय त्यो. त्याच्या लग्नान कायपन अर्धं रावाचं नाय."

तिने माझ्याकडे वळून विचारले, "पंडत, लडाई हाय का?" मला ठाऊक नव्हते, आणि असते तरी सांगता आले नसते. मी इतकेच म्हटले, "मी त्याच्याबरोबर जातो आहे, हिराबाई." ती मान हलवून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमती आणि मी पोचलो, तेव्हा अंगणात जाते मांडलेले होते, हळकुंडे कुटून सुपात ठेवलेली होती, नवरदेव पाटावर बसलेला होता आणि कोणीच काही करत नव्हते. हळद दळताना धवला म्हणायचा आणि तशीच ती नवऱ्याला लावायची, ही रीत. म्हणणारी नाही, तर दळणार कशी? आणि वेळ तर पाण्यासारखा चालला होता.

पाटावरून जनार्दननेच तोंड उघडले. "आय, मौलवीसाब रजेव गेलं की त्यांची जागा कोन संभालतं? पंडितजी. ग्रंथी नसलं त? पंडितजी. मंग चांगुमावशी रजेव हाय असा समज."

बायकांत हसू फुटले. पंडित आणि धवला, पुरुषमाणूस आणि धवला, ही कल्पनाच त्यांना पुरेशी होती. सुमती माझ्या कानाशी लागली. "अहो, नीट विचार करा. तुमची आरती ऐकून शेजारचे घड्याळ लावतात. गाणे निराळे असते."

हिराबाई दाराच्या चौकटीत उभी होती. तिने माझ्याकडे पुष्कळ वेळ पाहिले. "नुसती जागा राकाल ना?" तिने विचारले. "जागा राका. म्होरचं तिचं ती बगंल." आणि ती पुन्हा आत गेली. हळदीला हात लावायला मात्र आली नाही.

जागा राखायची, एवढेच माझे काम होते, आणि ते मला येत होते. मी जात्यापुढे बसलो. जनार्दनची भावजय माझ्या शेजारी बसून एकेक ओळ हळूच सांगणार आणि मी ती म्हणणार, असे ठरले. दोन पोरींनी खुंटा धरला. पहिली ओळ आली, "हलद दलीली खारीच्या वाऱ्यान्, पिवली झाली भरतीच्या पान्यान्." मी डोळे मिटले, देवाचे स्मरण केले आणि आयुष्यभर ज्या ठेक्यात म्हणत आलो, त्याच ठेक्यात ती म्हटली, खणखणीत, प्रत्येक शब्दाला टाळी पडेल अशी.

पोरींनी त्या गतीने जाते फिरवायचा प्रयत्न केला. वरचा दगड हिसके खाऊ लागला, हळद सुपाबाहेर उडाली, एकीचा हात सुटला. मी दुसरी ओळ तितक्याच निष्ठेने म्हटली. आता जाते जागच्या जागी नाचू लागले. अंगणातल्या बायका एकमेकींच्या खांद्यावर डोकी टेकून हसत होत्या, पाटावरचा नवरदेव मुंडावळ्यांआड हुंदके दिल्यासारखा हलत होता, आणि माझी धर्मपत्नी, जिने मला लग्नापासून कधी उलट उत्तर दिले नव्हते, पदराचा बोळा तोंडात धरून खांबाआड गेली होती.

"जातं पलत नाय, पंडत," आतून आवाज आला. "फिरतंय."

मी थांबलो. हिराबाई बाहेर आली होती. "पलटनीसारका नका म्हनू. ऐका." तिने पोरींना बाजूला केले, पदर खोचला, माझ्यासमोर बसली आणि खुंट्याला हात घातला. दाखवण्यापुरते एकच वळण द्यावे, असा तिचा विचार असावा. पण जात्याच्या खुंट्याला हात लागला की ओठ मिटलेले राहत नाहीत, हे मी त्या दिवशी पाहिले. दगड फिरला आणि त्याच्याबरोबर ओळ फिरली, अर्ध्या वळणावर श्वास, पुन्हा अर्ध्या वळणावर शब्द. दुसऱ्या ओळीला तिची जाऊ येऊन बसली. तिसऱ्या ओळीला सगळे अंगण गात होते. मी केव्हा गप्प झालो, मला आठवत नाही. एका वडीलधाऱ्याला पुढे उभे करायचे आणि आपण दाराशी राहायचे, ते माझे नेहमीचे काम नकळत झाले होते.

जात्याच्या कडेने पिवळी धार गळत होती. उन्हात ती इतकी पिवळी होती, की सुपाच्या तळाशी दिवा लावल्यासारखे वाटत होते. कोणीतरी सुमतीला ओढून खुंट्याशी बसवले. तिच्या काचेच्या बांगड्या त्या चाळीसभर हातांच्या गोंगाटातही मला वेगळ्या ऐकू आल्या. हिराबाईने पहिले बोट हळदीत बुडवले आणि लेकाच्या कपाळाला लावले. मग तिने त्याचे गाल, मान, खांदे असे माखले, की दुरून पाहणाऱ्याला नवरदेव आणि झेंडूची रास यांत भेद कळला नसता. उरलेली हळद माझ्या हातांना लागली. तेही आनंदातच.

भरती आली आणि तिच्याबरोबर चांगुणामावशी आली. गुडघ्यापर्यंत चिखल, नऊवारीचा काष्टा वर खोचलेला, तोंडात विडा. तिने रिकामे सूप पाहिले, पिवळा नवरदेव पाहिला.

हिराबाई पुढे झाली. "मावशे, ही लागली ती हलद धराची का नाय?"

"कोन म्हनला?" चांगुणामावशीने विचारले.

सगळ्यांची बोटे माझ्याकडे वळली. जनार्दनचे सुद्धा.

"म्हना बगू, पंडत."

गुरुजींपुढे संहिता म्हणायला बसावे, तसा मी मांडी घालून बसलो. मी जात्याकडे पाहत, दगड फिरतो आहे अशी कल्पना करत, हळूहळू म्हटले. ती डोळे मिटून विडा चघळत ऐकत होती. हिराबाईने मांडवाचा खांब धरला होता.

"लागली," चांगुणामावशी म्हणाली. "हलद लागली."

अंगणाने श्वास सोडला. पण तिचे बोलणे संपले नव्हते. "शेवटाचं कडवं कोनी म्हनलं नाय. नवरा घरी येतंय, आयच्या बाजूला जेवाला बसतंय, ते. बराबर?" बायकांनी एकमेकींकडे पाहिले. घाईत ते राहूनच गेले होते. हिराबाईचा चेहरा उतरला. "मंग म्हन ना, मावशे. आत्ताच म्हन. अर्धं नको."

"नाय म्हनाची," चांगुणामावशी शांतपणे म्हणाली. "अर्धं नाय गो ते. राखून ठेवलंय. ज्याचं कडवं राखलंय, त्याला ऐकाला यावंच लागतंय."

हिराबाई तिच्याकडे पाहत राहिली. आदल्या दुपारपासून जी गोष्ट तिने मुठीत आवळून धरली होती, तिच्याकडे ती आता उलट्या बाजूने पाहत असावी. मग तिने खांब सोडला.

"यकच?" ती म्हणाली. "दोन राख."

मी अनेक देवळांत अनेक शुभवचने ऐकली आहेत. त्या अंगणात त्या वेळी जे हसू उसळले, त्याहून शुभ असे मला काही आठवत नाही. आम्ही विसर्जनाच्या वेळी देवाला निरोप देतो, तोही पुन्हा यावे अशी प्रार्थना करूनच देतो. तो मंत्र मी शेकडो वेळा म्हटला होता. त्याचा अर्थ मात्र त्या दुपारी, चिखलाच्या पायांनी उभ्या असलेल्या त्या बाईने मला समजावून दिला.

वरात बांधावरून निघाली. पुढे ताशा, मागे आम्ही, दोन्ही बाजूंना खाडीचे भरलेले पाणी. नवरीच्या मांडवात मी अंतरपाट धरवला आणि मंगलाष्टकांना आरंभ केला. सवयीने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहणार, तोच चांगुणामावशीने हनुवटीने खूण केली, अजून तिचे व्हायचे होते. मी थांबलो. तिचे संपले, माझे सुरू झाले. माझे संपले, तिचे सुरू झाले. रजेवर गेलेल्या शेजाऱ्याची किल्ली परत करावी आणि त्याने आपली द्यावी, तसा तो व्यवहार होता. अंतरपाट दूर झाला तेव्हा घड्याळ काय म्हणत होते, हे मला अजून ठाऊक नाही.

संध्याकाळी पुलावरून एस.टी. जाताना पाणी तांबूस झाले होते. जनार्दन गणवेशात होता, हातावर हळद तशीच. रेल्वेच्या डब्यात शिरलो तो समोरचा एक म्हातारा नाक फुलवून म्हणाला, "शादी का घर है क्या?" पलटणीत पोचल्यावर साहेबांनी जनार्दनचे हात पाहिले, मग माझे पाहिले, आणि गंभीरपणे विचारले, "पंडितजी, शादी किसकी हुई?" मौलवीसाहेब आठवडाभर मला दुल्हेमियाँ म्हणत होते.

लढाई झाली नाही. तो हिवाळा आम्ही तंबूंत बसून काढला आणि पलटण परत फिरली. पुढच्या मार्गशीर्षात जनार्दनला रजा मिळाली, मला मिळाली नाही. सुमती हिराबाईकडे गेली होती. तिने मला सारे सांगितले. जनार्दन आईच्या बाजूला जेवायला बसला, शेजारी सून, आणि चांगुणामावशीने दोन्ही कडवी म्हटली. ताट संपल्यावर ती उठली आणि म्हणाली, "आता म्होरच्या रजेचं यक राखते." मग ती रीतच पडली.

ती रीत माझ्या नोकरीतही शिरली. तुकडी वर सीमेवरच्या चौकीत जायला निघाली, की त्या संध्याकाळच्या आरतीचे शेवटचे कडवे मी म्हणत नसे. पहिल्यांदा जवानांना वाटले, पंडितजी विसरले. मग कोणीतरी कारण विचारले, आणि पुढे पुढे बूट चढवताना पोरेच एकमेकांना सांगू लागली, "एक बाकी है." परत आल्यावर पहिल्या मंदिर परेडला ते कडवे म्हटले जाई, आणि ते इतक्या जोराने, की तंबूचे दोर ताणले जात. काही कडवी माझ्याकडे राहिली. ती मी अजून पहाटेच्या संध्येनंतर मनातल्या मनात म्हणतो, एकेका नावाने. ते देणे नाही वाटत मला, सोबत वाटते.

परवा जनार्दन आला. लिफ्टने आला, गुडघे धरत आला, हातात वालाच्या शेंगांची पिशवी. त्याच्या नातीची हळद होती आणि मला गावी न्यायला तो आला होता. गावात आता चार मजली इमारती आहेत आणि त्यांतली एक त्याचीच आहे. हिराबाई, चांगुणामावशी, माझी सुमती, कोणी राहिलेले नाही. जाते जिन्याखाली असते. ते त्या दिवशी नाती-पणत्यांनी उचलून बाहेर आणले, पुसले, त्याच्याबरोबर फोटो काढले. धवलारीण होती, चांगुणामावशीच्याच घराण्यातली. तरीही जनार्दनने मला जात्याजवळ खुर्ची दिली. "धवलारीन हाय, पंडितजी, पर तुमची जागा तुमची."

मी एक ओळ म्हटली, मुद्दाम पूर्वीच्याच ठेक्यात. अंगण हसले. ज्या पोरींनी आयुष्यात जाते फिरवले नव्हते, त्यांच्या हातांनी ते हिसके खाल्ले. मग एका म्हाताऱ्या बाईने, जनार्दनच्या त्या भावजयीने, आतून म्हटले, "पलत नाय रं ते," आणि बाहेर येऊन खुंटा धरला. स्पीकर बंद झाला. तिकडे सीवूड्सच्या गावठाणातही तेव्हा स्पीकर थांबून माझ्या शेजाऱ्याला असाच आवाज ऐकू आला का, ते मला ठाऊक नाही. असावा.

निघताना जनार्दन मला गाडीपर्यंत सोडायला आला. खाडीचा वारा सुटला होता. मी उपरणे ओढून घेतले.

"पंडितजी, शेवटचं कडवं तुमी म्हनू दिलं नाय आज," तो म्हणाला. "पोर त हितंच हाय, वाशीला देतंव. तिच्यासाठी कयाला राखाचं?"

"तिच्यासाठी नाही," मी म्हटले. "माझ्यासाठी राख. ऐंशी उलटली माझी. पुढच्या मार्गशीर्षात ऐकायला येईन."

तो थांबला. गाडीच्या दारावर हात ठेवून त्याने माझ्याकडे पाहिले, अगदी त्याची आई पाहायची तसे.

"यकच?" तो म्हणाला. "दोन राखतंव."